आयर्लंडचा किनारा गाडीने फिरताना कुठे राहावं आणि कुठे जेवावं?

तुम्ही लिहिलंय की सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन सात दिवसांत किन्सेलपासून डोनेगलपर्यंत अख्खा वाइल्ड अटलांटिक वे, म्हणजे पश्चिम किनाऱ्यालगतचा रस्ता, करायचाय, रोज रात्री नवं हॉटेल. ठिकाणं सांगते, पण आधी हा बेत मोडा. रस्ता अडीच हजार किलोमीटरचा आहे. म्हणजे रोज साडेतीनशे, तेही अशा रस्त्यांवर जिथे समोरून गाडी आली की एकाला मागे जाऊन जागा करून द्यावी लागते.

आमच्या दादाने २०१९च्या जूनमध्ये नेमका हाच बेत केला होता. आई, बाबा, वहिनी, तो आणि मी. एका दिवसात किलार्नीहून निघून पूर्ण रिंग ऑफ केरी, म्हणजे द्वीपकल्पाभोवतीचा फेरा, मग टार्बर्टहून गाडी नेणारी बोट आणि रात्री डूलिन. तीनशे किलोमीटरच्या वर. मी आदल्या रात्री म्हटलं, रिंग सोडून दे. तो म्हणाला, इतक्या लांब येऊन सोडायची कशाला?

तिथे जूनमध्ये सूर्य दहानंतर मावळतो, आणि आम्ही त्यालाच फसलो. डूलिनला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते, पण उजेड आपल्याकडच्या पाच वाजल्यासारखा. पबमध्ये फिडल वाजत होतं, आत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि स्वयंपाकघर बंद. दुसरीकडे गेलो, तिथेही बंद. गावातल्या पबची किचनं साधारण नऊला आवरतात, गाणं मात्र मध्यरात्रीपर्यंत चालतं. बाबांना मधुमेह आहे. त्यांनी जेवण लगेच मिळेल या हिशेबाने गोळी आधीच घेतली होती. त्यांचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. बारवरच्या मुलाने न विचारता संत्र्याचा रस आणून दिला, म्हणून पुढचं टळलं.

आमचं बी-अँड-बी (खोली आणि सकाळचा नाश्ता) म्हणजे एका आजींचं राहतं घर. त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. दहा मिनिटांत टेबलावर भाज्यांचं गरम सूप, उकडलेली अंडी, लोणी आणि घरचा ब्राउन ब्रेड. तो ताक आणि सोडा घालून करतात, यीस्ट नसतं. बाबांनी तीन तुकडे खाल्ले. सकाळी आम्ही पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतले. मला त्या घरातून निघवत नव्हतं, पण नऊला निघायचं होतं, कागदावर तसं लिहिलं होतं.

डोनेगलमधल्या किलीबेग्जला तर याहून वाईट वाटलं. आयर्लंडचं सगळ्यांत मोठं मासेमारी बंदर, आणि आई रत्नागिरीच्या मिरकरवाड्याची. धक्क्यावर ट्रॉलर पाहून ती उभीच राहिली. तिथला मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, तेलकट आणि चवदार. तिला बसून खायचा होता. बेतात चाळीस मिनिटं होती. तिने तो गाडीत, मांडीवर कागद ठेवून खाल्ला.

म्हणून सांगते, तीन मुक्काम करा. डिंगलला दोन रात्री, डूलिनला दोन, क्लिफडन किंवा वेस्टपोर्टला तीन. उरलेला किनारा पुन्हा कधीतरी. डिंगलहून स्ली हेडचा फेरा घड्याळाच्या दिशेने करा, मोठ्या बसही तशाच जातात, त्यामुळे अरुंद वळणावर त्या समोर येत नाहीत. क्लिफडनहून स्काय रोड आणि किलारीची खाडी. तिथे पाण्यात सोडलेल्या दोरांवर शिंपले वाढवतात, ते जवळच्या पबमध्ये ताजे मिळतात. गॉलवेची देशी कालवं मात्र सप्टेंबर ते एप्रिलच. दुपारी पबमध्ये सीफूड चाउडर (माशांचं दाट सूप) आणि ब्राउन ब्रेड घ्या, पोट भरतं. रात्रीचं जेवण सातला. उजेडाकडे बघू नका, घड्याळाकडे बघा.

राहायला बी-अँड-बीच घ्या, आणि तळमजल्याची खोली आहे का ते आधी विचारा. जिने अरुंद असतात. आई-बाबा शाकाहारी असतील तर आदल्या रात्रीच सांगा. सकाळच्या ताटात रॅशर (बेकनचे काप), सॉसेज आणि पुडिंग येतं, आणि ते पुडिंग गोड नसतं: पांढरं डुकराच्या मांसाचं, काळ्यात रक्तही असतं. मशरूम, टोमॅटो, अंडी, ब्रेड आनंदाने देतात. चाउडरमध्ये कधी कधी बेकनही असतं, विचारून घ्या.

दादा अजून म्हणतो, मोठं हॉटेल घेतलं असतं तर रूम सर्व्हिस मिळाली असती. शहरात मिळाली असतीही. गॉलवेत एखादी रात्र हॉटेलात काढा, माझी हरकत नाही. पण त्या रात्री साडेनऊला पोचायचं कारणच नव्हतं, हे त्याने अजून एकदाही कबूल केलेलं नाही.

हे सगळं मे ते सप्टेंबरसाठी. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बरीच बी-अँड-बी बंद असतात. गिअरची गाडी नको असेल तर ऑटोमॅटिक खूप आधी बुक करा. आणि शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढा.