ओस पडलेल्या शाळेसमोर उभे राहताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेच्या माँटाना राज्याच्या पूर्व भागातील त्या ओस पडलेल्या एकखोली शाळेची तू पाठवलेली छायाचित्रे मी दोनदा पाहिली. तंत्रात फारसे उणे काढण्यासारखे काही नाही. मात्र ती शाळा होती हे मला तुझ्या पत्रावरून कळले, छायाचित्रांवरून नव्हे. निखळलेले दार, उडालेला रंग, फुटक्या काचेतून आलेली उन्हाची तिरीप, हे सारे कोणत्याही पडक्या गोठ्यात मिळाले असते.

पुन्हा जाण्यापूर्वी ती इमारत तेथे का उभी राहिली, हे समजून घे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला ती देणाऱ्या कायद्याने, अर्जदाराला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. कोरड्या मुलखात तेवढ्यावर भागत नाही हे ध्यानात आल्यावर १९०९ च्या कायद्याने ही मर्यादा ३२० एकरांवर नेली आणि १९१२ मध्ये जमीन नावावर होण्यासाठी लागणारा काळ पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आला. रेल्वे कंपन्यांनी जोरात जाहिराती केल्या, पहिल्या महायुद्धामुळे गव्हाला भाव मिळाला आणि माणसे येत राहिली. १९१७ पासून दुष्काळाने गाठले, युद्धानंतर भावही कोसळले. १९२० च्या जनगणनेत माँटानाची लोकसंख्या ५,४८,८८९ होती, ती १९३० मध्ये ५,३७,६०६ वर आली. त्या दशकात लोकसंख्या घटलेले अमेरिकेतील हे एकच राज्य होते.

हे आकडे मी छायाचित्राखाली छापण्यासाठी देत नाही. कोठे उभे राहायचे ते त्यांवरून ठरते. ३२० एकर म्हणजे अर्धा चौरस मैल. एकेका कुटुंबाकडे एवढी जमीन असेल तर घरे एकमेकांपासून किती लांब असतील आणि मुले किती चालत असतील, याचा हिशेब कर. तुझी सगळी छायाचित्रे भिंतींना चिकटून घेतलेली आहेत. दोन-तीनशे पावले मागे जा, इमारत चौकटीत लहान होऊ दे, क्षितिज आणि आता कोठेच न जाणारी चाकोरी दिसू दे. एरवी मी विषयाच्या जवळ जायला सांगतो, हे तुला आठवत असेल. येथे मात्र अंतर हाच विषयाचा भाग आहे.

आत शिरल्यावर आधी खिडक्या मोज. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळा सुधारू पाहणाऱ्या मंडळींचा आग्रह असे, की उजेड मुलांच्या डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली पाटीवर पडणार नाही. त्यामुळे त्या काळच्या अनेक शाळांत खिडक्यांची रांग एकाच बाजूला आढळते. तुझ्या शाळेत तशी असेल, तर फळा कोणत्या भिंतीला होता आणि मुलांची तोंडे कोणीकडे होती, हे आपोआप उलगडेल. मग कॅमेऱ्याची तिवई खाली घे, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आण आणि त्याच दिशेने बघ. कोट अडकवण्याचे खिळे, शेगडीच्या धुराड्याचे भोक, झिजलेला उंबरठा यांची साधी, समोरून घेतलेली छायाचित्रे कर. खिडकीबाहेरचे ऊन आणि आतला अंधार एका एक्सपोजरमध्ये, म्हणजे उजेडाच्या एकाच मापावर टिपलेल्या छायाचित्रात, मावणार नाही, म्हणून तीन-चार वेगवेगळी घे. पण ती जोडताना बाहेरचे गवत दिसेल एवढेच कर. प्रत्येक सावली उजळण्याची आजची हौस मला मुळीच रुचत नाही. अंधारही त्या खोलीचाच आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ: काहीही हलवू नकोस. १९३६ मध्ये आर्थर रॉथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराने साउथ डकोटात दुष्काळ टिपताना बैलाची वाळलेली कवटी काही फूट सरकवून वेगवेगळ्या जागी टिपली. तो निवडणुकीचा काळ होता. सरकारविरोधी वृत्तपत्रांनी बनावटीचा आरोप केला आणि दुष्काळ खरा असूनही चर्चा कवटीचीच झाली. मीही तरुणपणी एका रिकाम्या घरातली खुर्ची खिडकीपाशी ओढली होती. त्या छायाचित्राचे कौतुक झाले, पण घर कसे होते याचा पुरावा म्हणून ते मला आजवर कोणापुढे ठेवता आलेले नाही.

परवानगीचेही बघ. माँटानात कुंपणाच्या खांबावर भडक नारंगी रंग दिसला, तर मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. खोलीतली कुजलेली लाकडी जमीन आणि गवतात लपलेली जुनी विहीर यांना जप. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर धूळ उडवू नकोस, तिच्यातून हंताविषाणूची बाधा होऊ शकते. एकट्याने जाणे टाळ.

त्याच मुलखात टेरी गावाजवळ राहणाऱ्या एव्हलिन कॅमेरॉन यांनी १८९४ पासून छायाचित्रे काढली. त्यांत वस्ती करणारी माणसे आपापल्या दारांत उभी दिसतात. ती नीट बघ, म्हणजे तुझ्या चौकटीतून काय नाहीसे झाले आहे हे कळेल. तुझ्या शाळेचे एखादे जुने छायाचित्र परगण्याच्या संग्रहालयात निघाले, तर ते जेथून घेतले ती जागा शोधून तेथेच तिवई लाव.

पुढच्या वेळी मोजकी चारच छायाचित्रे पाठव. त्यांतले एक शाळेच्या आतून, फळ्याच्या भिंतीला पाठ लावून, दाराबाहेर पाहणारे असू दे.

तुझा हितचिंतक