बँडला अभिनय करायला लावू नकोस

प्रिय दोस्ता,

तुझ्या बँडवरच्या सिनेमाचं स्क्रिप्ट वाचलं. दुसरा खर्डा लिहायला घेण्याआधी 'अ हार्ड डेज नाइट' (१९६४) पुन्हा एकदा लाव. या वेळी दिग्दर्शक रिचर्ड लेस्टरने बीटल्सना, म्हणजे त्या चौघांच्या ब्रिटिश बँडला, काय काय करू दिलं नाही, तेवढंच बघ.

चौघांपैकी एकही नट नव्हता. म्हणून लेखक अलन ओवेन आधी त्यांच्यासोबत राहिला, त्यांचं बोलणं ऐकलं आणि मग तोकडे, एका दमात संपणारे संवाद लिहिले. गोष्ट पुढे ढकलायचं काम मुरलेल्या नटांकडे. विल्फ्रिड ब्रॅम्बेलने केलेला आजोबा ड्रमर रिंगोचे कान भरतो, रिंगो ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर निघून जातो, आणि व्हिक्टर स्पिनेटीने केलेला टीव्ही दिग्दर्शक हातपाय गाळतो. तुझ्याकडे गायकाला दीड पानाचं भाषण आहे. ते काप. एका वेळी आठ-दहा शब्द, बस. धांदल करायला एकांकिका गाजवलेले दोन-तीन नट घे.

त्या आजोबाला जो तो 'किती स्वच्छ' म्हणतो. ब्रॅम्बेल तेव्हा ब्रिटिश टीव्हीवर गलिच्छ म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध होता, त्यावरची ही कोटी. पण ते माहीत नसलं तरी तेच तेच ऐकून हसू येतं. तुझे कॉलेजातले विनोद या कसोटीला लावून बघ, निम्मे गळतील.

आता गाणी. 'कान्ट बाय मी लव्ह' मैदानावर आहे: नुसती धावपळ, उड्या, हेलिकॉप्टरमधून घेतलेले शॉट. कोणी गात नाही, त्यामुळे ओठ जुळवायची भानगडच नाही. त्या चित्रीकरणाच्या काही भागाला चौघांतला जॉन लेनन हजरही नव्हता आणि काही अडलं नाही. तुझ्या पाचातली दोन गाणी अशी कर.

उरलेल्या तिन्हींत बँड वाजवल्याचं ढोंग करणार, आणि ते सगळ्यात आधी ड्रमरच्या हातात दिसेल. सिंबल (ड्रमवरच्या झांजा) खणखणले की प्लेबॅक, म्हणजे सेटवर लावलेलं रेकॉर्ड केलेलं गाणं, ऐकू येत नाही, म्हणून तो हळू मारतो, आणि मग खांदेच हलत नाहीत. सिंबलवर टॉवेल टाकू नकोस. सिंबल डोलत नाही आणि ते कॅमेऱ्याला कळतं. खालच्या बाजूने फोमच्या पट्ट्या चिकटव, किकमध्ये (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये) उशी कोंब आणि जोरात मारायला सांग. गाण्याच्या फाइलला सुरुवातीला तालात चार टिकटिक जोड, नाहीतर प्रत्येक टेकमध्ये पहिला शब्द हुकेल. स्लो मोशन हवं असेल तर सेकंदाला ४८ फ्रेमने शूट कर, सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजव. २४ ला चालवल्यावर ओठ बरोबर बसतात.

शेवटच्या कार्यक्रमासाठी लेस्टरने लंडनच्या स्काला थिएटरात सहा कॅमेरे लावले होते. तुझ्याकडे तीन आहेत: एक वाइडवर (अख्ख्या मंचावर) खिळलेला, एक हात आणि चेहऱ्यांवर, एक फक्त प्रेक्षकांवर. तिसरा वाचवून बँडकडे वळवायचा मोह होईल. वळवू नकोस. किंचाळणाऱ्या, रडणाऱ्या त्या मुली वगळल्या तर तो प्रसंग साधा टीव्ही कार्यक्रम उरतो.

आणि कट म्हणायची घाई नको. सुरुवातीच्या पाठलागात बँडमधला जॉर्ज खरोखर आपटतो, रिंगोही त्याच्यासोबत कोसळतो. लेस्टरने ते तसंच ठेवलं. गडबड झाली की मनात दहा आकडे मोज, मग थांबव. तेवढं फुटेज धरून मेमरी कार्डं मागव.

खर्डा पाठव, भाषण काढून.

तुझा,
सिनेमावाला काका