बाबांची दुनळी आणि तुझे सहा लाख

प्रिय बाबू,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांत सहा लाख मागे टाकलेस, फार बरं वाटलं. पण पुढे भाव वाढेल म्हणून ते सगळे एका जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरमध्ये गुंतवायला निघालास, हे वाचलं आणि रात्रभर डोळा लागला नाही.

आधी आमच्या घरचं ऐक. बाबांची बारा बोअरची दुनळी बंदूक होती, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची. १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला, शिकार संपली. पण रोही (नीलगाई) आणि रानडुकरं पिकात शिरत, म्हणून परवाना चालू राहिला. रविवारी बाबा अंगणात सतरंजी टाकून ती उघडायचे. नळ्या उजेडाकडे धरल्या की आत चकचकीत कडी दिसायची. नळ्यांच्या खालच्या अंगाला, नळी चाचणीत उतरल्याची खूण म्हणून, मुकुटाचे बारीक ठसे होते. बाबा माझं बोट धरून त्यावरून फिरवायचे.

ते गेले. परवाना माझ्या नावावर नव्हता, आणि परवानाधारक गेल्यावर बंदूक घरात ठेवता येत नाही. मी ती एका बंदुकीच्या दुकानात जमा केली. भाडं सुरू झालं, माझ्या अर्जाची फाईल मात्र हलेना. दोन पावसाळ्यांनी पाहायला गेलो तर ती चामड्याच्या पेटीतच पडलेली. चामडं ओल धरून ठेवतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! नळीवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते. घाबरून मी पॉलिश करून घेतलं, आणि ते आजही मनाला लागतं. गंजाबरोबर मुकुटाचे ठसे पुसट झाले, बाजूची नक्षीही झिजली. पुढे एक जाणकार आला, नळीवर बोट फिरवलं आणि काही न बोलता बंदूक खाली ठेवली. जुन्या हत्याराची मूळ निळसर झाक, ठसे, नळी आणि दस्त्यावरचे जुळणारे नंबर, यालाच तर संग्राहक पैसे मोजतो. शेवटी विकली, तेव्हा भाडं वजा जाता हाती फारसं काही उरलं नाही.

आता तुझ्या हिशेबाकडे येतो. बाहेरून सर्वसामान्य माणसाला हत्यार आणणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झालं, म्हणून आधी आलेल्या विलायती मालाला भाव चढला, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण हा भाव कोणी चढवला? सरकारी धोरणाने. मग उतरवूही तेच शकतं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते सोडावं लागलं, आणि ज्यांच्याकडे दोन आहेत ते गिऱ्हाईक म्हणून गेले. शिवाय तुला मोह पडला आहे त्या वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या नावाची रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशात हरदोईला बनते, मग त्या नावाची टंचाई कुठे राहिली?

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर आयुष्य काढलं. सोनं, शेत, घर, एलआयसीची पॉलिसी, सगळ्यावर कर्ज दिलं. बंदुकीवर कधी दिलं नाही. उद्या आईचं ऑपरेशन निघालं तर सोनं तू इतवारीच्या सराफ्यात नेऊन संध्याकाळपर्यंत पैसे आणशील. रिव्हॉल्व्हर विकायची तर घेणारा परवानावालाच हवा, अधिकाऱ्यांना लेखी कळवायला हवं, आणि कळवल्यावर कायद्याने पंचेचाळीस दिवस थांबायला हवं. निवडणूक लागली तर हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीसही येऊ शकते. आणि तुझ्याकडे अजून परवानाच नाही! स्वसंरक्षण, पीकसंरक्षण, नेमबाजी अशा कारणांसाठी लोक अर्ज करतात. 'भाव वाढेल म्हणून' या कारणावर परवाना मिळालेला मी पाहिला नाही.

नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांच्या तलवारीचा दाखला दिलास. २०२५ मध्ये राज्य सरकारने ती लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना सोडवून आणली, तेव्हा नागपूरकर म्हणून माझाही ऊर भरून आला. पण तिच्यावर देवनागरीत सोन्याने राजांचं नाव आहे. पैसे त्या नावाचे होते. शिवाय तो लंडनचा भाव. शंभर वर्षांवरचं शस्त्र आपल्याकडे पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वाड्यात तसलीच तलवार निघाली, तरी लंडनचं गिऱ्हाईक तिच्यापर्यंत पोचणार नाही. अमेरिकेतल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचंही तेच. २०२१ मध्ये तिला साठ लाख डॉलर मिळाले, कारण १८८१ मध्ये पॅट गॅरेट या शेरीफने तिनेच बिली द किड या नामचीन गुंडाला मारलं आणि तसे पुरावे होते. तुला दाखवलेल्या रिव्हॉल्व्हरबरोबर कुठला कागद आहे? 'एका संस्थानिकाची आहे' हे विकणाऱ्याचं तोंडचं बोलणं झालं.

जुन्या हत्यारांची ओढ वाईट नाही, मलाही आहे. रविवारी ये, आपण अजबबंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, जाऊ आणि शस्त्रं निवांत पाहू. खरंच नेमबाजी शिकायची असेल तर क्लबात नाव घाल, परवान्याचा अर्ज रीतसर कर. फॉर्म भरायला मी बसतो सोबत. सहा लाखांतले निम्मे आधी आईच्या नावाने एफडीत टाक, बाकीच्यांचं समोर बसून ठरवू.

रिव्हॉल्व्हर विकणाऱ्या त्या माणसाला टोकन दिलं असशील तर आजच फोन करून कळव, लपवू नकोस. आणि तो 'चार दिवस घरी ठेवून पाहा' म्हणाला असेल, तर एका रात्रीसाठीसुद्धा ती घरात आणू नकोस. परवान्याशिवाय घरात हत्यार सापडलं की सरळ तुरुंगाची वाट आहे.

तुझा,
काका