चढावर आलेली अंधारी

प्रिय मित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, तू २० तासांच्या मुदतीच्या बरीच आधी पूर्ण केलीस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तुझे वर्णन मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबलो. २१० किलोमीटर झाल्यावर, चढावर जोर लावत असताना डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी आली, पाय टेकावा लागला, पाणी प्यायल्यावर बरे वाटले, असे तू लिहिले आहेस आणि लगेच पंक्चरच्या हकिकतीकडे वळला आहेस. माझे हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे.

अंधारी कोणत्या क्षणी आली, याला फार महत्त्व असते. मोठा पल्ला संपवून आपण सायकल थांबवतो, तेव्हा इतका वेळ रक्त वर ढकलणारे पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू एकदम स्तब्ध होतात, रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते; ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पेडलवर जोर चालू असताना येणारी अंधारी मात्र निराळी. त्या वेळी हृदयाने रक्ताचा पुरवठा वाढवायचा असतो आणि नेमका तोच अपुरा पडत असेल, तर रक्ताच्या वाटेत अडथळा आहे किंवा ठोक्यांची लय बिघडली आहे, ही शक्यता आधी तपासावी लागते. शरीरातले पाणी कमी झाले, साखर उतरली, रात्रीची झोप झाली नाही, ही कारणे खरी असू शकतील; परंतु गंभीर कारणे वगळल्यानंतरच ती स्वीकारायची असतात.

माझ्या वयाच्या सायकलस्वाराला धोका असतो तो प्रामुख्याने हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या थरांचा. पस्तिशीच्या आत कारणे बदलतात. काहींमध्ये हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषामुळे जाड झालेला असतो, आणि हा दोष साधारण ५०० माणसांमागे एकात आढळतो. काहींची हृदयधमनी जन्मतः चुकीच्या जागेवरून निघालेली असते. काहींच्या हृदयाची रचना पूर्णपणे निर्दोष असूनही त्याच्या विद्युतप्रवाहात दोष असतो. अशी माणसे वर्षानुवर्षे उत्तम सायकल चालवतात. त्यांचा दम कमी पडत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही. तुझे मामा अडतिसाव्या वर्षी झोपेतच गेले, असे तू मागे एकदा सांगितले होतेस. तेव्हा मी नुसती हळहळ व्यक्त केली होती. आज ती गोष्ट आणि ही अंधारी शेजारी ठेवल्यावर मला स्वस्थ बसवत नाही.

भरपूर सराव हे संरक्षण आहे, असा समज तुझ्या मनात असेल तर तो काढून टाक. बेल्जियमचा मायकेल गूलार्ट्स २०१८ च्या फ्रान्समधील पॅरिस-रूबे सायकल शर्यतीत हृदय बंद पडून कोसळला आणि त्याच दिवशी गेला; त्याचे वय होते २३. इटलीचा सोनी कोलब्रेली २०२१ मध्ये हीच शर्यत जिंकला आणि पुढच्या मार्चमध्ये स्पेनमधील कातालोनियाच्या शर्यतीचा पहिला टप्पा संपताच कोसळला. छातीवर तत्काळ दाब दिला गेला, डिफिब्रिलेटर यंत्राने हृदयाला विजेचा झटका मिळाला, म्हणून तो वाचला; मात्र शरीरात असाच झटका देणारे छोटे यंत्र बसवावे लागले आणि त्याची कारकीर्द थांबली. त्यांच्या शर्यतींत डॉक्टरांच्या गाड्या सोबत धावत असतात. आपण रात्री दोन वाजता एकट्याच्या दिव्यावर चालवतो. हृदय बंद पडल्यावर विजेच्या झटक्याशिवाय जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी कमी करते, हे लक्षात घेतलेस तर हा फरक किती मोठा आहे ते तुला कळेल. म्हणून तू आणि तुझे सोबती छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घ्या: मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

सायकल सोड, असे मी मुळीच सुचवत नाही. नियमित व्यायामाने हृदयविकाराचा धोका घटतो, हे निर्विवाद आहे. तरीही दीर्घ पल्ल्याचे श्रम निरोगी हृदयावरही खूण ठेवून जातात. नॉर्वेतील ९१ किलोमीटरच्या एका हौशी सायकल शर्यतीनंतर सुमारे हजार जणांचे रक्त तपासले गेले, तेव्हा हृदयाच्या पेशींवरील ताण दाखवणारे ट्रोपोनिन हे प्रथिन जवळजवळ सगळ्यांचेच वाढलेले होते. ते बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. अनेक तासांच्या श्रमांनंतर हृदयाचा उजव्या बाजूचा कप्पाही काही काळ थकलेला आढळतो आणि साधारण आठवड्याभरात सावरतो. यावरून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे: मोठ्या पल्ल्यानंतरचा आठवडा पायांसाठी असतो तितकाच हृदयासाठीही असतो. दशकानुदशके असे श्रम करणाऱ्यांमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचे प्रमाण अधिक दिसते. परंतु ती चिंता तुझ्या वयाची नव्हे.

तुझ्या वयाची चिंता वेगळी आहे. लांब पल्ल्याचा सायकलस्वार घडतो तो सहन करायला शिकून. खोगिराने सोललेली कातडी, बधिर झालेले तळवे, दुखरे गुडघे यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय आपण प्रयत्नपूर्वक लावून घेतो, आणि मग हृदयाचे सांगणेही त्याच यादीत जाऊन पडते. माझ्या एका जुन्या सोबत्याला प्रत्येक चढावर छातीत जडपणा आणि जबड्यात कळ येत असे. तो पित्त म्हणाला. मीही मान डोलावली. असे तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात त्याची मुख्य धमनी जवळजवळ बंद झाल्याचे निघाले. तो वाचला. त्या तीन रविवारी त्याच्या शेजारून सायकल चालवताना मी गप्प राहिलो, याचे दुःख मला आजही आहे, आणि तुझ्या बाबतीत मला गप्प राहायचे नाही.

ताप किंवा विषाणूचा संसर्ग असताना चालवू नकोस, कारण हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर श्रमांनी लय बिघडू शकते. पल्ल्याच्या दिवशी वेदनाशामक गोळ्याही घेऊ नकोस. घामाने पाणी घटलेले असताना त्या मूत्रपिंडांवर भार टाकतात.

आता तपासणीविषयी. इटलीत १९८२ पासून स्पर्धक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. तेथील व्हेनेटो प्रांतात त्यानंतर तरुण खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू लाखामागे वर्षाला ३.६ वरून ०.४ पर्यंत उतरले. निरोगी माणसांनाही नाहक संशयित ठरवले जाते, म्हणून सरसकट तपासणीवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तुझी गोष्ट सरसकट राहिलेली नाही. खेळाडूंचे हृदय पाहण्याचा अनुभव असलेल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जा, कारण सरावलेल्या हृदयाचे मंद ठोके आणि वाढलेले आकारमान अननुभवी नजरेला आजारासारखे दिसू शकते, आणि याच्या उलटही घडते. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि श्रमचाचणी यांविषयी स्वतःहून विचार. इको चांगला आला म्हणजे विद्युतदोष नाही, असे होत नाही. ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यावर नोंदलेली त्या दिवसाची ठोक्यांची फाइल पुसू नकोस. त्या चढावर आकडा अचानक उसळला असेल, तर तो पट्ट्याचा दोष की लयीचा, हे डॉक्टरांना ठरवू दे.

६०० किलोमीटरसाठी तू नाव दिले आहेस. ४० तासांची मुदत, अपुरी झोप आणि तसेच चढ तिथेही असतील. तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत तू सुरुवातीच्या रेषेवर उभा राहू नयेस, ही माझी विनंती आहे. तोवर सपाट रस्त्यावर फिरण्याचा मोहही आवर.

आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी आईजवळ शांतपणे बसून विचार, की मामांना त्याआधी कधी चक्कर आली होती का, त्यांचा जुना ईसीजी किंवा शवविच्छेदनाचा अहवाल घरात कुठे ठेवलेला आहे का. जे सापडेल ते सोबत घेऊन जा आणि मला कळव.

तुझा हितचिंतक