'वांशिक नकाशा' म्हणावं का?

प्रश्न असा: बल्गेरियन लोकांची वस्ती दाखवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या 'एथ्नोग्राफिक' नकाशांना मराठीत 'वांशिक नकाशे' म्हणावं का?

म्हणू नये. 'वंश' म्हटलं की रक्ताचं नातं, कूळ आठवतं. या नकाशांत प्रत्येक समूहाला वेगळा रंग असे, आणि हे रंग ठरले ते मुख्यतः बोलीवरून. स्लाव्ह भाषांचा अभ्यासक शाफारिक याचा १८४२चा नकाशा स्लाव्ह भाषांचाच आहे. ऑस्ट्रियन वाणिज्यदूत कार्ल साक्सने १८७८मध्ये भाषेला धर्माची जोड दिली आणि चित्र पालटलं. पोमाक लोक बल्गेरियन बोलतात, पण मुसलमान आहेत. गागाउझ लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पण भाषा तुर्की घराण्यातली. यांना कुठला रंग द्यायचा, हे कसोटी बदलली की बदलतं. त्या काळी तिथे राज्य करणाऱ्या ऑटोमन साम्राज्याच्या दफ्तरात तर 'मिल्लत' म्हणजे धर्मसमुदाय; ऑर्थोडॉक्स बल्गेरियनांची गणना दीर्घकाळ ग्रीकांबरोबर 'रूम' मिल्लतीतच होई. यातलं काहीच 'वांशिक'मध्ये मावत नाही.

मला 'लोकसमूह-नकाशा' पटतो. कसोटी निव्वळ भाषेची असेल तर 'भाषावार नकाशा' त्याहून नेमका. 'भाषावार प्रांतरचने'मुळे तो शब्द आपल्या कानांत बसलेलाच आहे. 'लोकवस्तीचा नकाशा' मात्र टाळा, त्यातून घनतेचा अर्थ निघतो. आणि घनता इथे नसतेच. शाळेत शिकलेल्या टिंब पद्धतीत संख्या कळते. इथे सलग रंग असतो, त्यामुळे विरळ वस्तीचा डोंगर आणि गजबजलेलं खोरं सारखंच दिसतं. मिश्र वस्तीची शहरंही भोवतालच्या रंगात बुडतात.

म्हणून भाषांतर करताना आधी नकाशाची सूची (कुठला रंग कशासाठी ते सांगणारी) वाचा, मग शीर्षक ठरवा. क्रियापदही सांभाळा. 'मॅसिडोनियात बल्गेरियन राहत' असं लिहू नका, 'जर्मन नकाशाकार कीपर्टच्या १८७६च्या नकाशात तिथे बल्गेरियन दाखवले आहेत' असं लिहा. कारण तिथल्याच स्लाव्ह लोकांना सर्ब बाजूचा लेखक गोप्चेविच याने १८८९मध्ये सर्ब ठरवलं, तर सर्ब भूगोलतज्ज्ञ त्स्वियिचने १९०९मध्ये 'मॅसिडोनियन स्लाव्ह' म्हणून वेगळा रंग दिला. कर्त्याचं नाव आणि साल गाळलं की एका माणसाचा दावा वस्तुस्थिती होऊन बसतो.

आणखी एक गल्लत: 'बल्गर' आणि 'बल्गेरियन' एक नव्हेत. सातव्या शतकात अस्पारुख या सरदाराबरोबर डॅन्यूबकाठी आलेले ते बल्गर. पुढे स्लाव्हांत मिसळून स्लाव्ह भाषा बोलणारे ते बल्गेरियन. बल्गेरियन मुत्सद्दी दिमितर रिझोव्हचा १९१७चा नकाशासंग्रह ६७९ सालापासून सुरू होतो. त्यातल्या पहिल्या नकाशांखाली 'बल्गर' हाच शब्द हवा.