या सुट्टीत फक्त लिअर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत वाचायच्या नाटकांची तुझी यादी मिळाली. ‘गॉर्बोडक’ या जुन्या इंग्रजी शोकांतिकेपासून सुरुवात, मग किड, मार्लो हे नाटककार, शेक्सपिअरच्या चार मोठ्या शोकांतिका, वेब्स्टर आणि शेवटी ‘नाट्येतिहास : टिपणे’. यादीत खोट नाही, पण एवढं सगळं दोन महिन्यांत वाचलंस तर हाती फक्त सनावळी उरेल. या सुट्टीत शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ एवढं एकच नाटक घे. इंग्रजी रंगभूमीचा दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास त्यात अडकलेला आहे.

सुरुवात शेक्सपिअरच्या आधीपासून कर. १६०५ साली ‘किंग लीअर’ नावाचं एक जुनं नाटक छापलं गेलं, लेखक अज्ञात. नाटक तसं कंटाळवाणं आहे, तरी वाच. त्यात म्हातारा राजा शेवटी पुन्हा गादीवर बसतो आणि धाकटी लेक जिवंत राहते. आता २६ डिसेंबर १६०६ची रात्र डोळ्यांसमोर आण. व्हाइटहॉलच्या राजवाड्यात जेम्स राजासमोर शेक्सपिअरचा लिअर उभा आहे. गोष्ट ठाऊक असलेले प्रेक्षक गोड शेवटाची वाट बघताहेत. लिअरचा जावई ऑल्बनी म्हणतो, ‘देव तिचं रक्षण करोत,’ आणि पुढच्याच क्षणी लिअर धाकट्या लेकीचं, कॉर्डेलियाचं प्रेत हातांवर घेऊन येतो. गाइडमध्ये ‘नायकाचा स्वभावदोष आणि त्याचं फळ’ असा तक्ता असतो ना, तो इथे लावून बघ. खलनायक एडमंडने दिलेला फाशीचा हुकूम मागे घ्यायला थोडा उशीर झाला, एवढ्यावरून पोर गेली. याचा हिशेब लिअरच्या अहंकाराशी कसा जुळवणार?

यानंतरचं काम जरा किचकट आहे, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. लिअर एक नाही, दोन आहेत. १६०८च्या क्वार्टो प्रतीच्या (लहान आकाराच्या सुट्या पुस्तकाच्या) मुखपृष्ठावर नाटकाला ‘खरी बखर’ म्हटलंय, तर १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या एकत्रित ग्रंथात) ‘शोकांतिका’. फोलिओत क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी नाहीत आणि १००च्या आसपास नव्या आहेत. वादळाच्या रात्री वेडा राजा झोपडीत मुलींवर खटला भरतो, तो सगळा भाग फोलिओतून गायब आहे. उलट पहिल्या प्रवेशात राजा मुलींना ‘माझ्यावर किती प्रेम?’ असं विचारतो, तेव्हा कॉर्डेलियाच्या ‘काही नाही, महाराज’ या उत्तरानंतर फोलिओत बापलेकीमध्ये ‘काही नाही?’ – ‘काही नाही’ अशी आणखी एक फेरी आहे. मैत्रिणीला समोर बसवून दोन्ही तऱ्हांनी मोठ्याने वाच. त्या जादा फेरीत राजाला शब्द मागे घ्यायची संधी मिळते, आणि मुलगीही तिथेच हट्टाला पेटल्यासारखी वाटते. नाटकाचं शेवटचं भाषण क्वार्टोत ऑल्बनीचं आहे, फोलिओत एडमंडचा सावत्र भाऊ एडगरचं. म्हणजे राज्य कुणाकडे गेलं, याचं उत्तरही प्रतीप्रमाणे बदलतं. संपादकांनी वर्षानुवर्षं दोन्ही प्रती मिसळून एकच लिअर छापला. तुझ्याकडची आवृत्ती कोणती, ते प्रस्तावनेत बघून घे.

मग लिअर बदलून लिहिणारा नाटककार नाहम टेट. १६४२मध्ये बंद झालेली नाट्यगृहं १६६०ला उघडली आणि स्त्रियांच्या भूमिका पोरांकडून नट्यांकडे आल्या. प्रेक्षकांना नटीची प्रेमकथा हवी होती, आणि सज्जनांना न्याय मिळावा अशीही अपेक्षा होती. टेटने १६८१मध्ये दोन्ही भागवलं : कॉर्डेलिया आणि एडगरचं लग्न, लिअर पुन्हा राजा, विदूषकाला रजा. आपण त्याला हसतो, पण रंगभूमीवर पुढची दीडशे वर्षं त्याचाच लिअर चालला. किन या नटाने १८२३मध्ये दुःखान्त परत आणला. विदूषक मात्र १८३८मध्ये मॅक्रेडी या नटाच्या प्रयोगात आला, आणि ती भूमिका प्रिसिला हॉर्टन या नटीने केली! टेटचा सुखाचा शेवट त्या जुन्या नाटकाच्या शेवटाची आठवण करून देतो, हे वाचताना तुझ्या लक्षात येईल.

‘नटसम्राट’चा उल्लेख तू पत्रात केला आहेस. परीक्षेत सगळेच ‘लिअरचा मराठी अवतार’ असं लिहून मोकळे होतात. तू राणी शोध. जुन्या नाटकाच्या सुरुवातीलाच राजा नुकत्याच गेलेल्या राणीबद्दल बोलतो. शेक्सपिअरने तिला जवळजवळ पुसून टाकलं. शिरवाडकरांनी मात्र १९७० साली बेलवलकरांबरोबर कावेरी दिली, आणि घर सोडताना म्हातारा एकटा राहिला नाही. लिहायचं तर यावर लिही.

शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरचं समीक्षक ब्रॅडलीचं पुस्तक आत्ताच उघडू नकोस. आधी पाचव्या अंकाचा तिसरा प्रवेश दोन्ही प्रतींतून समोरासमोर ठेवून वाच. लिअर मरतानाच्या ओळी कुठे कुणाच्या तोंडी आहेत, ते समासात पेन्सिलीने लिही. ‘हृदया, फुटून जा’ हे क्वार्टोत स्वतः लिअर म्हणतो, फोलिओत त्याचा निष्ठावान सरदार केंट. त्यातलं कोणतं तुला रंगमंचावर बघायला आवडेल आणि का, हे पानभर लिहून पाठव.

कळावे.
तुझे सर