हात मिळवून झाले, पुढे काय?

या वेळी टपालात शाळेतल्या छळाबद्दलची पत्रं बरीच होती. त्यातली तीन घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. बोलताना तो अडखळतो, ‘प’ आणि ‘क’वर जास्तच. शाळेच्या बसमध्ये आठवीतला एक मुलगा त्याची नक्कल करतो, “नाव सांग ना तुझं” म्हणून मागे लागतो, आणि सगळी बस हसते. मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी दोघांना समोरासमोर बसवलं, त्या मुलाला ‘सॉरी’ म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले. आता तो बसमध्ये ‘स-स-सॉरी’ म्हणतो आणि बस पुन्हा हसते. आमचे हे म्हणतात, “दोन ठेवून दे, गप्प बसेल.” सासूबाई म्हणतात, लक्ष देऊ नको. आणि मुलगा म्हणतो, “आई, तू परत शाळेत जाऊ नकोस.” काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, मुलाचं म्हणणं आधी घेऊ. तुम्ही शाळेत गेलात आणि प्रकार वाढला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. तो नको म्हणतोय ते त्यामुळे. त्याला सांगा, की मी गप्प बसणार नाही, पण तुला विचारल्याशिवाय पुढचं काही करणार नाही. आणि हे पाळा. आत्ता त्याला सगळ्यात जास्त भीती आहे ती आपल्या हातात काहीच नाही याची.

हात मिळवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चेंडूवरून भांडलेल्या दोन बरोबरीच्या मुलांना हात मिळवायला लावा, मी स्वतः वर्गावर असताना कितीदा लावले आहेत. इथे मात्र भांडण झालेलंच नाही. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकात या विषयाचा पाया घातला. छळ ओळखण्याच्या त्यांच्या तीन खुणा आजही वापरल्या जातात : जाणूनबुजून केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. तुमच्याकडे तिन्ही आहेत. एक आठवीतला, तोंडाचा फटकळ, मागे हसणारी अख्खी बस. दुसरा सहावीतला, एकटा. अशा दोघांना समोरासमोर बसवलं, की दुबळ्याला पुन्हा एकदा त्याच मुलासमोर बसून ऐकावं लागतं, आणि दुसऱ्याला नवा शब्द मिळतो. तुमच्या बाबतीत तो ‘सॉरी’ होता.

यजमानांना सांगा, मारायची वेळ आणि जागा नेहमी दुसरा मुलगा ठरवतो. तुमच्या मुलाने दोन ठेवून दिल्या, तर त्याला चार बसतील, आणि शाळेच्या वहीत दोघांचीही नावं ‘मारामारी’खाली एकाच रकान्यात लागतील. सासूबाईंचा सल्ला एखाद्या दिवसाच्या थट्टेला लागू पडतो. रोजच्याला नाही, कारण तो मुलगा तुमच्या मुलाचं लक्ष वेधायला हे करतच नाहीये. तो बससाठी करतोय.

मला मुख्य बोलायचं आहे ते याच बसबद्दल. कॅनडात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या कपड्यांना छोटे मायक्रोफोन लावून चित्रण केलं. २००१मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसतं, की छळाच्या दहातल्या जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती पाचातल्या एका प्रसंगात. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! आम्ही शिक्षक अहवाल लिहायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतो. फिनलंडमध्ये ख्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी १९९६मध्ये सहावीच्याच मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की छळणारा आणि छळ सोसणारा सोडून उरलेला वर्ग रिकामा बसलेला नसतो. कोणी साथ देतो, कोणी हसून चढवतो, कोणी नजर वळवतो, आणि थोडे जण बाजू घेतात. पुढे तिथल्या तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी जो ‘किवा’ कार्यक्रम तयार केला, त्याचा भर या उरलेल्या मुलांवरच आहे.

म्हणून आज संध्याकाळी मुलाला “तू का नाही बोललास?” असं विचारू नका. “बसमध्ये कोण हसत नाही?” हे विचारा. एक तरी नाव निघेल. बहुधा खिडकीशी बसून बाहेर बघणारं कोणीतरी. त्या मुलाशेजारी, पुढच्या बाजूला, गाडीतल्या मदतनिसाच्या नजरेत बसायचं. पण जागा बदलताना नक्कल करणाऱ्यालाही मागची जागा सोडावी लागली पाहिजे. नाहीतर शिक्षा तुमच्याच मुलाला झाल्यासारखं दिसतं.

एक वही करा. तारीख, बसमध्ये की उतरताना, नेमके शब्द, समोर कोण होतं. चार ओळी पुरतात. ती घेऊन शाळेत जा, मुलाला विचारून. “काहीतरी करा” म्हणू नका, कारण त्यावर “बघतो” एवढंच उत्तर येतं. नेमकं मागा : त्या मुलाशी एकट्याशी बोला, हसणाऱ्यांपैकी दोघातिघांशीही एकेकट्याने बोला, पुन्हा समोरासमोर बसवू नका, आणि आठवड्याने आपण परत भेटू, त्याची तारीख आत्ताच ठरवू. ही तारीख सोडू नका. त्या मुलाच्या घरी मात्र फोन करू नका. पालक एकमेकांशी भांडायला लागले, की मुलं बाजूलाच राहतात.

अडखळण्याविषयी थोडंच. “सावकाश बोल, श्वास घे” हे बंद करा, त्याने बोलणाऱ्याचं ओझं वाढतं. वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्या, मध्ये शब्द पुरवू नका. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जात नसाल तर जा. तिथे “हो, मी अडखळतो, थोडं थांब” हे सरळ म्हणून टाकण्याचा सराव करून घेतात, आणि बऱ्याच मुलांना त्याचा आधार वाटतो. आणि मुलाचं खाणं, झोप तुटली किंवा “मी नसलेलंच बरं” असं काही तोंडातून निघालं, तर वही, तारीख सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून घेतलं. मुलगी आठवीत आहे. म्हणे तिने मोबाइलवर वर्गातल्या मुलींचा ग्रुप केला, एकीला घेतलं नाही आणि बाकीच्यांना तिच्याशेजारी बसू नका असं कळवलं. ना मारलं, ना शिवी दिली. मैत्री कोणाशी करावी हा तिचा प्रश्न आहे. ती अभ्यासात पुढे, घरी अत्यंत गुणी. बाई राईचा पर्वत करत आहेत असं मला वाटतं.
— एक वडील

उत्तर : मला तसं वाटत नाही.

मैत्री कोणाशी करावी हा मुलीचा प्रश्न आहे, हे अगदी मान्य. पण दुसऱ्यांनी कोणाशी करू नये, हे तिने ठरवलं. बाईंनी तुम्हाला बोलावलं ते त्यासाठी. वाळीत टाकण्यात वळ उठत नाहीत, म्हणून आपण ते हलक्यात घेतो. २००३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. संगणकावर चेंडू टाकण्याचा साधा खेळ, आणि मध्येच खेळणाऱ्याला चेंडू देणं बंद. तेवढ्यानेही मेंदूतला तो भाग जागा झाला, जो शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला आहे. तिथे तर अनोळखी लोकांचा खेळ होता, तोही खोटा. तुमच्या मुलीच्या वर्गातली ती मुलगी रोज खऱ्या बाकावर एकटी बसते.

‘घरी गुणी’ याने काही सिद्ध होत नाही. असं करणारी मुलं आतून घाबरलेली, न्यूनगंडाची असतात हा समज ओल्वेउस यांच्या अभ्यासात टिकला नाही. पुष्कळदा ती हुशार असतात, लोकप्रिय असतात, आणि आपलं वजन राखायला हे करतात. म्हणजे तुमच्या मुलीकडे पुढारीपण आहे. ते कुठे वापरायचं, हे बापाने सांगायचं.

मारू नका. जोरवाला ठरवतो तसं होतं, हे तिला आधीच माहीत आहे, तुम्ही त्यावर शिक्का माराल. फोन महिनाभर काढून घेतला, तर चर्चा फोनची होईल. शांतपणे विचारा, “तो दिवसभर ती कुठे बसली? मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होती?” उत्तर देताना तिला त्या मुलीकडे बघावं लागेल, आणि बहुधा ते तिने अजून केलेलं नाही. मग सांगा : जिथे निरोप दिलास, तिथेच तो मागे घे. ‘मी तसं सांगायला नको होतं, ज्याला जिथे बसायचंय तिथे बसा,’ एवढं पुरे. जबरदस्तीची मैत्री नको, वर्गासमोर माफीचं नाटक तर मुळीच नको. आणि बाईंना फोन करून सांगा, की घरी बोलणं झालं आहे. त्यांना असे फोन फार क्वचित येतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या वर्गात एका मुलाचं दप्तर रोज लपवतात. मी लपवत नाही, पण मला हसू येतं. मध्ये बोललो तर माझं लपवतील. बाईंना सांगितलं तर सगळे चहाडखोर म्हणतील. मी पण वाईट आहे का?
— एक मुलगा

उत्तर : अरे, वाईट असतास तर हे पत्र लिहिलं नसतंस. पण तुझं हसू त्यांना लागतं, एवढं खरं. कोणी हसलंच नाही, तर दप्तर लपवण्यात मजा काय उरते?

लपवणाऱ्यांशी भांडायला जाऊ नकोस. त्या मुलाजवळ जा आणि म्हण, “चल, शोधू.” बास. लपवणाऱ्यांकडे बघूसुद्धा नकोस. एकट्याला धीर होत नसेल तर आदल्या दिवशी एका मित्राला ठरवून ठेव, दोघांनी मिळून उठायचं. दप्तर सापडलं, की त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत जा. पुढच्या वेळी तिसरा कोणी उठतो का, बघ.

बाईंना सांगायचं असेल तर वर्गात उभा राहून सांगू नकोस. वही तपासायला देतोस ना, तिच्यात चिठ्ठी ठेव. कोणाचं दप्तर, कुठे लपवतात, कोणत्या तासानंतर, आणि खाली लिही, ‘माझं नाव सांगू नका.’ त्यांनी तरीही ती वर्गात मोठ्याने वाचली, तर मला कळव. पुढच्या अंकातलं उत्तर त्या बाईंसाठी असेल.